साठ वेंडेल

“किती उरली?” वेंडेलनं विचारलं.

तो आला होता माझी बर्फाची मोठी पेटी न्यायला. दर चार जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, सकाळी दहाच्या सुमारास येतो, पेटी उचलतो आणि “संध्याकाळी ये हं” म्हणतो, जणू गेल्या सव्वीस वर्षांत मी कधी गेलेच नाहीये. यंदा पेटी राहिली बाजूला. माझ्या गॅरेजच्या मागच्या भिंतीशी जाळीची एक गुंडाळी टेकवून ठेवली होती, तिच्याकडे तो बघत उभा राहिला. मी तिच्यावर चांगली ताडपत्री टाकली होती. पण मफिनला, म्हणजे माझ्या कुत्रीला, झोपायला नेमकी तीच ताडपत्री लागते.

“थोडीशी,” मी म्हणाले. “कुंपणाची जाळी म्हटली की उरतेच थोडीफार.”

“बर्नी. किती?”

“सदतीस फूट.”

“मोजलीस?”

“मोजली.”

त्यानं टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, टोपी परत घातली. आधी माझ्या नव्या कुंपणाकडे पाहिलं, मग कुंपणापलीकडच्या स्वतःच्या अंगणाकडे. “अस्सं,” एवढंच म्हणाला आणि पेटी न घेताच निघाला. मी त्याच्या पावलांकडे बघत राहिले. तीन दिवस मी दुसरं काही करतच नव्हते.

आमच्याकडे, दक्षिण इंडियानाच्या या कोपऱ्यात, वेंडेल हे जसं माणसाचं नाव आहे तसंच मापाचंही आहे. एक वेंडेल म्हणजे अडीच फूट. हा माणूस काउंटीच्या मृदसंधारण कार्यालयात एकतीस वर्षं नोकरीला होता. शेतात बांध कुठे घालायचा, पाणी वाहून जायला गवताचा पट्टा कुठे सोडायचा, हे तो चालत जाऊन ठरवायचा. टेप नंतर लागायचा, तोही कागदपत्रांसाठी. समोरच्या क्लीटसच्या वडिलांनी एकदा त्याच्याशी डुकराच्या अख्ख्या मांडीची पैज लावली होती. अर्धा मैल लांबीचं शेत. वेंडेल चालला, मग टेप लावला, आणि मांडी त्याच संध्याकाळी आर्डिथच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, स्वयंपाकघरात पोचली. तेव्हापासून लोक म्हणायला लागले, विहीर गोठ्यापासून नव्वद वेंडेल आहे. आमच्या चर्चच्या नव्या शेडचं पत्रक निघालं, त्यात ‘रस्त्यापासून चाळीस वेंडेल आत’ असं छापलं होतं आणि कुणाला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं.

त्या पावलांवरच त्याची चार जुलैची आतषबाजी उभी होती. त्याच्या अंगणाच्या पश्चिमेच्या टोकाला सोयाबीनचं शेत लागतं आणि पूर्वेच्या टोकाला माझी हद्द. शेताच्या कडेला तो जाड फळी टाकतो, तिच्यावर दारूकामाचे नळे आणि खोके पक्के करतो, आणि फळीला पाठ लावून माझ्या दिशेनं चालायला लागतो. साठ पावलं मोजून खुंटी ठोकतो. त्या खुंटीवर त्यानं तापल्या सळईनं ‘६०’ डागून ठेवलंय. खुंटीपासून दोन्ही बाजूंना दोरी. दोरीच्या पुढे कुणाची खुर्ची नाही, चादर नाही, मूल नाही, आणि क्लीटस तर नाहीच नाही. फक्त सुरुवातीच्या भुईनळ्यांना मुलांना चौदा वेंडेलपर्यंत जाऊ देतो, तेही मोठ्या माणसाचा हात धरून.

हे नुसतं भीतीपोटी नव्हतं. त्याचं एक शास्त्र होतं, आणि ते तो दरवर्षी मका खाता खाता सगळ्यांना ऐकवायचा. “मान वर करावी लागली तर माणूस चुकीच्या जागी बसलाय. खुर्चीला पाठ टेकलेली, पेला मांडीवर, आणि खालच्या झाडांपासून वरच्या शेवटच्या ठिणगीपर्यंत सगळं एका नजरेत. ती जागा दीडशे फुटांवर असते.” मी अठ्ठावीस वर्षं शाळेच्या भटारखान्यात काढली आहेत, चारशे मुलांची मॅकरोनी अंदाजानं होत नाही. मापाचा माणूस मला आवडतो.

म्हणूनच मे महिन्यात कुत्रीसाठी कुंपण घालायचं ठरलं तेव्हा मी टेप शोधलाच नाही. वेंडेलला हाक मारली. तो आमच्या हद्दीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला आणि म्हणाला, “त्रेसष्ट वेंडेल. एकशेसत्तावन्न फूट आण.” मी तेवढी जाळी कापून आणली. जूनच्या अखेरीला कुंपण उभं राहिलं आणि सदतीस फूट जाळी उरली.

आधी वाटलं, दुकानदारानं चूक केली. मग मी टेप काढला. हद्द एकशेवीस फूट भरली. पुन्हा मोजली. स्वयंपाकघरात येऊन बसले, कॉफी गार झाली आणि मग हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. हद्द तेवढीच होती, पावलं जास्त बसली होती. पाच वर्षांपूर्वी वेंडेलचा खुब्याचा सांधा बदलला होता. तेव्हापासून तो चालतो छान, काठीबिठी काही लागत नाही, शहात्तर वर्षांच्या मानानं झकासच. पण त्याचं पाऊल लहान झालं होतं आणि हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, त्याच्याही नाही.

जाळीच्या बाबतीत काय, थोडी जास्त आली. आतषबाजीच्या बाबतीत मात्र उलट होतं. तिथे पावलं ठरलेली होती, साठ. पाऊल आखूड म्हणजे दोरी पुढे, फळीच्या जवळ. दरवर्षी थोडी थोडी पुढे.

आणि मग मला एकेक आठवायला लागलं. गेल्या वर्षी क्लीटसच्या बटाट्याच्या सॅलडमध्ये जळक्या पुठ्ठ्याचा तुकडा पडला, तेव्हा आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो. तीन वर्षांपूर्वी आर्डिथच्या गोधडीला नाण्याएवढं भोक पडलं, तेव्हा वाऱ्याला दोष दिला होता. आणि पूर्वी, फार पूर्वी नाही, सगळ्या खुर्च्या माझ्या अंगणात असायच्या! ती जागा मोकळी व्हायला लागली तेव्हा मी तिथे टोमॅटोचे वाफे घातले. वेंडेलच्या पावलानं सोडलेल्या जमिनीवर मी पाच वर्षं टोमॅटो काढत होते आणि वर त्यालाच पिशवी भरून देत होते.

सगळ्यात वाईट म्हणजे आमची तोंडं. “वेंडेल, यंदा कमाल केलीस! गेल्या वर्षीपेक्षा मोठं वाटलं!” पाच वर्षं आम्ही हेच म्हणत होतो, मी सगळ्यांत जोरात. तो लाजायचा, म्हणायचा, “तेच खोके गं, फक्त मांडणी बदलली.” त्याला खरंच वाटायचं की उतारवयात त्याचा हात बसलाय.

मग मी लगेच का नाही सांगितलं? जोलीनमुळे. जोलीन त्याची मुलगी, तासाभराच्या अंतरावर इस्पितळात नर्स आहे, भाजलेली माणसं तिच्या वॉर्डात येतात. दोन वर्षं ती म्हणतेय, “बाबा, आता पुरे. काउंटीच्या बागेत हेल्मेट घातलेली माणसं करतात सगळं, तू खुर्चीत बसून बघ.” यंदा ती तिच्या जुळ्या मुलांना घेऊन आली ती या बोलीवर की, थोडं जरी काही इकडंतिकडं झालं, तर ही शेवटची. आणि वेंडेलकडे आता दुसरं काय होतं? नोकरी संपली, शेतं दुसऱ्यांनी उपग्रहावरून मोजली. वर्षातली एक संध्याकाळ राहिली होती, जेव्हा सगळा गाव त्याच्या पावलावर विश्वास टाकून खुर्ची मांडायचा. ती मी कुठल्या तोंडानं काढून घेणार होते? रोज म्हणायचे, उद्या सांगू. असं करत चार तारीख उजाडली, आणि सांगितलं शेवटी कुत्रीनं.

साडेदहाला तो परत आला. हातात कार्यालयातला जुना पोलादी टेप होता.

“एक टोक धर,” म्हणाला.

आदल्या संध्याकाळीच त्यानं दोरी बांधली होती, आणि आमच्याकडच्या रीतीप्रमाणे लोक सकाळीच येऊन आपापल्या खुर्च्या मांडून गेले होते. क्लीटसची हिरवी खुर्ची मधोमध. त्याच्या शेजारी जुळ्यांची तारे छापलेली चादर, अगदी दोरीला चिकटून. मी टेपचं टोक फळीला लावून धरलं. वेंडेल खुंटीपर्यंत गेला आणि वाकून आकडा बघितला. बराच वेळ बघितला.

“किती?” मी ओरडले.

“एकशेपंधरा.”

मी त्याच्याजवळ गेले. तो चादरीकडे बघत होता. चेहरा असा झाला होता की मला त्याचा दंड धरावासा वाटला, आणि मी धरलाही.

“पस्तीस फूट, बर्नी. मी मुलांना पस्तीस फूट पुढे बसवलं.”

“काही झालं नाही ना रे कुणाला.”

“झालं नाही ते माझ्यामुळे नाही.” मग म्हणाला, “तुला कधी कळलं?”

“तीन दिवस झाले.”

“आणि गप्प बसलीस?”

“बसले. चुकलंच माझं.”

त्यानं मला काही ऐकवलं नाही. ऐकवलं असतं तर बरं वाटलं असतं.

टेप पुढे नेला. एकशेतीस फुटांवर माझं नवं कोरं कुंपण आलं. दीडशे फूट पडले कुंपणाच्या पलीकडे, माझ्या टोमॅटोच्या तिसऱ्या वाफ्यात. मी वाफ्याच्या कडेची माती बोटानं उकरली तर काय, खुंटीचं जुनं भोक अजून तिथे होतं, गवताच्या मुळांनी भरलेलं. वेंडेलनं त्यात करंगळी घालून पाहिली.

“टोमॅटो कुठले आहेत?” त्यानं विचारलं.

“मोठेवाले. अजून हिरवेच आहेत. तू टोमॅटोची काळजी करू नकोस.”

आर्डिथ तोवर पोर्चमधून आली होती. तिला सगळं सांगावं लागलं नाही, टेप आणि नवऱ्याचं तोंड बघून ती समजली. आर्डिथ व्यवहारी बाई. म्हणाली, “लोकांना सांगू, वारा पश्चिमेचा आहे म्हणून मागे सरकवलं. खोटं कुठे आहे त्यात? वारा पश्चिमेचा असतोच. पुढच्या वर्षी टेपनं मोजू. विषय संपला.”

“जोलीनला?” वेंडेलनं विचारलं.

“जोलीनलाही वाराच सांगू.”

मी म्हणाले, मला चालेल. वेंडेलनं मान हलवली. ती मान होकाराची होती, हे मी शपथेवर सांगेन. त्याला ती संध्याकाळ हवी होती, आणि त्याबद्दल मी त्याला दोष देणार नाही.

दुपारभर आम्ही राबलो. चार दिवसांपूर्वी बांधलेलं कुंपण मी पक्कड घेऊन सोडलं, जाळी गुंडाळली. वेंडेलनं दोरी नेली, खुंटी नेली, बावीस खुर्च्या एकेक करून नेल्या. टोमॅटोच्या ओळींमध्ये खुर्च्या बऱ्या बसल्या. मग तो एकटाच फळीपाशी बराच वेळ काहीतरी करत राहिला, हातात घड्याळ घेऊन पुढे-मागे चालत. 

सात वाजल्यापासून लोक जमायला लागले. सॉसेज भाजायला लागली, कणसं आली, आर्डिथनं मोहरीचं सारण भरलेली उकडलेली अंडी मांडली, माझी रबार्बच्या आंबट देठांची गोड पाय-पेस्ट्री आली. मफिनला तळघरात रेडिओ लावून बंद केलं. खुर्च्या टोमॅटोत बघून एकदोघांनी विचारलं, आर्डिथनं वारा सांगितला, लोकांनी “बरं” म्हटलं आणि ताटं भरून घेतली. मला वाटलं, निभावलं.

क्लीटस नऊ वाजता आला. डुकरांचं आटपून येतो, त्यामुळे त्याला नेहमीच उशीर होतो. स्वतःची खुर्ची टोमॅटोत बघून तो कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

“हे काय? मला भाजीत का बसवलंय?”

“वारा आहे,” आर्डिथ म्हणाली.

“वारा काय आजच लागला वाहायला?” त्यानं खुर्ची उचलली, सरळ चालत पुढे गेला आणि जुन्या जागी नेऊन आपटली. “इथे! गेल्या वर्षी इथे खुंटी होती. मी स्वतः अडखळून पडलोय तिच्यावर, गुडघा अजून सांगतो. साठ वेंडेल म्हणजे साठ वेंडेल. तुझ्या पावलावर माझा विश्वास आहे, वेंडेल. तुझ्या वाऱ्यावर नाही.”

लोक हसले. दोन कुटुंबांनी आपल्या खुर्च्या उचलल्या आणि त्याच्यामागे निघाली. जुळ्यांनी तर चादर ओढत धूम ठोकली, “आम्ही पुढे! आम्ही पुढे!” आणि क्लीटसच्या पायाशी जाऊन ती पसरली.

वेंडेल तेव्हा फळीकडे निघाला होता. तो थांबला. वळून परत आला, त्या आखूड पावलांनी, आणि क्लीटससमोर उभा राहिला.

“क्लीटस, ऊठ तिथून.”

“अरे पण...”

“ऊठ. ते साठ वेंडेल खोटे आहेत.” त्यानं टोपी काढली. मोठ्यानं बोलायची त्याला सवय नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. “खुबा बदलल्यापासून माझं पाऊल लहान झालंय. मला कळलं नाही. पाच वर्षं मी तुम्हाला जवळ जवळ आणत होतो. एकशेपंधरा फूट, आज टेपनं मोजलं. तुम्ही म्हणत होतात ना, दरवर्षी मोठं दिसतं? मोठं काही नव्हतं. तुम्ही जवळ होतात. वारा हे कारण खरं नाही. चूक माझी आहे.”

 शेगडीवरची सॉसेज तेवढी चरचरत होती.  

“म्हणजे,” क्लीटस सावकाश म्हणाला, “माझ्या सॅलडमध्ये पुठ्ठा पडला तो...”

“त्यामुळेच.”

“आणि दर पाच जुलैला माझी मान धरते ती?”

“तीही.”

“आणि मी त्यापायी तीन उशा बदलल्या!”

यावर जो हशा पिकला तो क्लीटसलाही अपेक्षित नसावा. तो उठला, खुर्ची काखोटीला मारली आणि टोमॅटोकडे चालायला लागला. जाता जाता वेंडेलच्या पाठीवर त्यानं अशी थाप मारली की वेंडेल अर्धा वेंडेल पुढे सरकला. बाकीचेही उठले. पण वेंडेल हसत नव्हता. तो जोलीनकडे बघत होता.

जोलीन चादरीपाशी उभी होती. हात छातीवर बांधलेले.

“पाच वर्षं?” तिनं विचारलं.

“पाच.”

“मुलं दरवर्षी पहिल्या रांगेत होती, बाबा.”

“हो.”

“आणि आता कुठे आहेत खुर्च्या?”

“दीडशेवर. टेपनं. बर्नीनं एक टोक धरलं होतं.”

“आणि तू? वात पेटवून तू मागे यायचास तेव्हा पूर्वी पंधरा पावलांत लांब जायचास. आता त्या पंधरा पावलांत कुठे पोचतोस?”

हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. निदान मला तसं वाटलं.

“नऊ-दहा फूट अलीकडे राहतो,” वेंडेल म्हणाला. “म्हणून आज दुपारी घड्याळ लावून चाललो. वाती लांब केल्यात सगळ्या. कमी पडणारं अंतर धरून, वर दहा सेकंद जास्त.”

जोलीन त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या वॉर्डात येणारी माणसं तिच्या डोळ्यांसमोर असणार, आणि तिच्या जागी मी असते तर माहीत नाही काय म्हणाले असते. मग ती वाकली, चादरीचं टोक उचललं आणि झटकलं.

“उठा रे दोघं. चला मावशीच्या टोमॅटोत.” आणि मुलं पुढे पळाल्यावर वडिलांना, हळू आवाजात, पण मला ऐकू येईल इतपत, “पुढच्या वर्षी टेपचं दुसरं टोक मी धरणार. बर्नीमावशीला धड दिसत नाही.”

मला अगदी व्यवस्थित दिसतं. 

अंधार पडला आणि सुरू झालं. खरं सांगायचं तर पहिला बाण फुटला तेव्हा माझा विरस झाला. लहान वाटला. पाच वर्षं डोक्यावर कोसळल्यासारखं बघायची सवय लागली होती, आणि हे आपलं समोर, दूर, आटोपशीर. दुसरा झाला, तिसरा झाला. मग कधीतरी माझ्या लक्षात आलं की माझी पाठ खुर्चीला टेकलेली आहे आणि लिंबूपाण्याचा पेला मांडीवर आहे. बाण सोयाबीनच्या वरून निघताना दिसत होता, चढताना दिसत होता, फुलताना दिसत होता, आणि शेवटची ठिणगी विझून झाडांच्या मागे जाईपर्यंत मी मान हलवली नव्हती. आणि उजेड पडला की त्याच्या खाली, फळीजवळ, वेंडेल दिसत होता. गेल्या पाच वर्षांत तो मला कधी दिसला नव्हता, आम्ही सगळे वर बघत असायचो. कंदील घेऊन वाकायचा, वात पेटवायचा आणि त्या लहान लहान पावलांनी, न पळता, मागे जायचा. मागे वळूनही बघायचा नाही. आपण मोजलेल्या वातीवर त्याचा भरवसा होता.  शेजारी आर्डिथ होती, तिनं माझ्या हातात कागदी रुमाल दिला आणि स्वतःलाही एक घेतला.

शेवटचा खोका संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. जुळ्यांपैकी एक म्हणाला, “गेल्या वर्षी मोठं होतं.” जोलीननं त्याला गप्प केलं, पण वेंडेल तोवर येऊन पोचला होता.

“बरोबर बोलतोय तो,” वेंडेल म्हणाला. मग माझ्याकडे वळला. “तू सांग, बर्नी. आणि या वेळी खरं सांग.”

“लहान दिसलं,” मी म्हणाले.

“हो.”

“पण सगळं दिसलं. खालपासून वरपर्यंत. आणि मान एकदासुद्धा वर केली नाही.”

“आणि माझी मान नाही धरली!” मागून क्लीटस ओरडला. वेंडेल खाली बघून हसला. त्या दिवसातलं ते त्याचं पहिलं हसू होतं.

सकाळी मी पक्कड आणि जाळी घेऊन अंगणात आले. तुडवलेली टोमॅटोची दोन रोपं उचलून बांधली, बाकीची ठीक होती. वेंडेल माझ्या आधी उठला होता. पुठ्ठ्याचे तुकडे वेचून झाले होते, सगळेच्या सगळे दोरीच्या खूप पलीकडे पडलेले. आता तो शेताच्या कडेला, फळीला पाठ लावून उभा होता. मग तो चालायला लागला. ताणून पावलं टाकत नव्हता, रोज जसा चालतो तसाच. मी बोलले नाही, मोजदाद चुकली असती. जुन्या जागेवरून पुढे गेला, कुंपणाच्या खांबांमधून आत आला, तिसऱ्या वाफ्यातल्या खुंटीपाशी थांबला.

“अठ्ठ्याहत्तर,” म्हणाला.

खिशातून पेन्सिल काढून त्यानं खुंटीवर ‘६०’च्या खाली ‘७८’ लिहिलं. ‘६०’ खोडलं नाही.

“कुंपण परत बांधतेस?” त्यानं विचारलं.

“बांधते. पण इथे एक फाटक ठेवावं म्हणतेय. दरवर्षी कोण सोडत बसणार? किती जागा सोडू?”

“थांब, टेप आणतो.”

“टेप राहू दे,” मी म्हणाले. “तू चालून सांग.”

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी पक्कड हातात धरून उभी होते आणि हलायचा माझा विचार नव्हता. मग त्यानं खांबाला टाच लावली आणि सावकाश दोन पावलं टाकली.

“दोन वेंडेल,” तो म्हणाला. “आत्ताचे.”

जिथे त्याच्या बुटाचं टोक होतं, तिथे मी जाळी कापली.